मागचं डावं चाक

भातं कापून झाली की आमच्या अष्टमी गावाच्या मागच्या शेतांतून दुपारी एक वास येतो. उन्हात पडलेल्या पेंढ्याचा, थोडा गोड, थोडा धुळीचा. चार महिने ओल धरून बसलेलं अंगण तोवर टणक झालेलं असतं. कुंडलिका नदीचं पाणी निवळतं, पुलावरून पाहिलं की तळाचे दगड दिसायला लागतात. भिंतींवरचं शेवाळ वाळून काळं पडतं, आणि सकाळी दार उघडलं की हवेत जेमतेम गारवा असतो. दहा वाजेपर्यंत तोही उडून जातो.

या दिवसांत लोकांना पेंढ्याचा वास येत असेल. मला त्याच्यासोबत डिझेलचा आणि गंजाचाही येतो. कुठे गाडी उभी नसते, कुणी काही खोलत नसतं. तरी येतो. मग मी शेजारच्या घराच्या बाजूला पाहते. तिथे बदामाच्या झाडाखाली एक चौकोन आहे, गाडीएवढा, तिथलं गवत अजूनही बाजूच्या गवताहून विरळ उगवतं.

ते घर रेबेकाचं. होतं, म्हणायला हवं. आता ते पनवेलच्या कुणीतरी विकत घेतलं आहे आणि त्यांचं कुलूप दाराला आहे. रेबेका आणि तिचा नवरा आरोन हे आमच्या आळीतलं शेवटचं बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब. आरोनच्या लहानपणी म्हणे त्यांची इथे बरीच घरं होती. एकेक करून सगळी इस्रायलला गेली. आरोन जायला तयार नव्हता. तिकडे माझ्याशी मराठीत कोण भांडणार, असं तो म्हणायचा. तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला होता. निवृत्त झाल्यावर त्यानं एकच काम मनापासून केलं, ते म्हणजे आपल्या पांढऱ्या छोट्या गाडीची देखभाल. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, आठवड्यातून एकदा रेबेकाला बाजूला बसवून पुलापलीकडे चक्कर मारून आणायची. तिला त्यानंच गाडी शिकवली. शिकवताना दोघांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

आरोन अचानक गेला. छातीत दुखतंय म्हणाला, संध्याकाळपर्यंत संपलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात गाडीचं मागचं डावं चाक पंक्चर झालं होतं आणि त्यानं स्वतः ते बदललं होतं. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, म्हणून मला आठवतं. बोल्ट आवळताना तो पान्यावर पाय देऊन उभा राहायचा, सगळं वजन टाकायचा आणि वर एकदा उडी मारायचा. मग त्यानं गाडी बदामाखाली लावली, हँडब्रेक खेचला, आणि ती तिथेच राहिली. रेबेकानं तिच्यावर ताडपत्री टाकली. पावसाळा आला, गेला, पुन्हा आला. ताडपत्रीवर पानं कुजली, खाली बेडकं राहायला आली.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी रेबेकाच्या मुलीनं तिकडून निर्वाणीचं सांगितलं की आता तू एकटी राहू नकोस. घराला गिऱ्हाईक मिळालं. दिवाळीनंतर रेबेकानं जायचं ठरलं. तिनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी तिच्या मागच्या पायरीवर बसलो होतो, आणि मी बरं झालं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझे यजमान जाऊन बराच काळ झाला, मूलबाळ नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवसभरात मी जे काही बोलायचे ते बहुतेक रेबेकाशीच. पण मुलगी बोलावते आहे म्हटल्यावर शेजारणीनं बरं झालं असंच म्हणायचं असतं.

राहिली गाडी. भंगारवाला येऊन पाहून गेला. चाक जाम आहे, म्हणाला, बोल्ट गंजून एक झालेत, गॅसनं कापून तुकडे करूनच न्यावी लागेल. तो गेल्यावर रेबेकानं गाडीवरची ताडपत्री पुन्हा नीट ओढली. मग म्हणाली, "तुकडे नाय करायचे गो. आपल्या चाकांवर जाऊ दे तिला. आनि जायच्या आधी एकदा आरोनकडं जायाचंय मला, त्याच गाडीतनं."

आरोनकडे म्हणजे रोह्यापुढे टेकडीखाली त्यांची जुनी दफनभूमी आहे, तिथे. रिक्षा करून ती नेहमीच जायची. पण तिला या वेळी स्वतः गाडी चालवत जायचं होतं, कारण त्यानं शिकवलं तरी तो असताना तिनं एकटीनं कधी पूल ओलांडला नव्हता.

मी म्हटलं, आपण खोलू.

यात माझी काही फार मोठी बढाई नाही. माझं माहेर पेणचं, रामवाडीचं. वडिलांचं हायवेला लागून छोटं गॅरेज होतं, आता ते माझा भाऊ, दत्तादादा, चालवतो. आमची दोन खोल्यांची जागा गॅरेजच्या मागेच, त्यामुळे मी अभ्यास केला तो पान्यांच्या आवाजात. खाडीकडून मिठाचे ट्रक यायचे. मीठ लोखंडाचं काय करतं ते मी तिथे पाहिलं. बोल्ट असा खाल्लेला असायचा की त्याचं डोकं कुठलं आणि गंज कुठला ते कळू नये. वडील अशा बोल्टाशी कधी घाईनं वागत नसत. आधी तारेच्या ब्रशानं घासायचे, मग तेल सोडायचे, मग हलक्या हातानं ठोकायचे, आणि मग उठून दुसऱ्याच कामाला लागायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. वडील म्हणायचे की तेल आत जातंय, जाऊ द्या.

दादाला फोन केला. त्याच्या गुडघ्याचं दुखणं तेव्हा जोरात होतं. तो म्हणाला, तुम्ही बायका कशाला हात काळे करता, बरा झालो की मी येतो. मी म्हटलं, तू बरा होईपर्यंत ती जाईल. मग त्यानं फोनवरून सगळं सांगितलं. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच बोल्ट सैल करायचे, जॅक नंतर. बाकीच्या चाकांना दगड लावायचे. पान्यावर लांब पाइप चढवायचा म्हणजे ताकद कमी लागते. आणि झटके द्यायचे नाहीत, बोल्ट तुटतो.

तो सगळा महिना मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. रेबेकाच्या डोक्याला बांधलेला फुलाफुलांचा रुमाल. ताडपत्री ओढली तेव्हा बाहेर उडालेले डास. काळ्या चहाचे दोन कप बॉनेटवर ठेवलेले. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी आम्ही चारही बोल्टांवर गुंडाळून ठेवायचो, आणि सकाळी ती सोडताना बोटं तांबडी व्हायची. शेतांत कापणी चालू होती. बांधावरून भारे घेऊन जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, काय चाललंय? रेबेका सांगायची, गाडीला न्हायला घालतोय. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, म्हणून शनिवारी ती गाडीला हात लावायची नाही. त्या दिवशी मीच एकटी जाऊन बोल्टांवर तेल सोडून यायचे. तिच्या बंद दारामागून तिच्या चालण्याचा आवाज यायचा, आणि मला वाटायचं, थोड्या दिवसांनी हाही येणार नाही.

पहिला बोल्ट आठवडाभर तेल पिऊन हलला. पाइपच्या टोकाला दोघींनी मिळून जोर दिला. किर्रर्र असा लांबलचक आवाज झाला, अंगावर काटा आला, आणि वाटलं तुटला. पण तो फिरला होता. रेबेका मटकन खाली बसली आणि हसत सुटली. तिला असं हसताना मी आरोन गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्यावर पाना घसरत राहिला. त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. दादाला विचारलं. तो म्हणाला, थोड्या लहान मापाचा, टोपीसारखा बसणारा सॉकेट घे आणि हातोडीनं ठोकून बसव, गच्च बसेल. सॉकेट रोह्याच्या दुकानातून आणला. ठोकताना माझा अंगठा सापडला, नख काळंनिळं झालं. रेबेकानं हळद लावली आणि स्वतः हातोडी घेतली. तो निघाला. तिसरा मात्र आटे फिरायच्या आत कटकन तुटला. अर्धा हातात आला, अर्धा चाकातच राहिला. मला वाटलं सगळं बिघडलं. दादा फोनवर शांतपणे म्हणाला की तेवढा राहू दे, मी आल्यावर ड्रिल मारून काढीन. तीन बोल्टांवर सावकाश गाडी चालते, लांब जाऊ नका म्हणजे झालं.

राहिला चौथा.

तो त्या मानानं चांगला होता. कडा शाबूत, गंज वरवरचा. पण का कुणास ठाऊक, त्याच्यापाशी आलो की काम अडायचं. रेबेकाला कपाटं आवरायची असायची. कधी मुलीचा फोन यायचा. कधी ती म्हणायची की ऊन फार आहे, उद्या बघू. उद्या म्हणता म्हणता दिवाळी आली. आळीत कंदील लागले. मी तिच्याकडे फराळाचं ताट नेलं, तिनं नेहमीसारखी चकली मोडून पाहिली आणि या खेपेला मोहन कमी पडलं म्हणाली. गाडीबद्दल दोघीही बोललो नाही.

मला ते अडणं आवडत होतं. बोल्ट निघत नाही तोवर ती जाणार नाही, असं काहीतरी पोरकट माझ्या मनात बसलं होतं. तिकीट आलेलं होतं, घराचा व्यवहार झाला होता, तरी बसलं होतं. मला वाटायचं हे फक्त माझ्याच मनात आहे.

भाऊबिजेला मी पेणला गेले नाही, दादा म्हणाला गुडघा आता जरा बरा आहे, मीच येतो दोन दिवसांनी. त्या दुपारी रेबेका बदामाखाली बसलेली दिसली. पुढ्यात पाना होता. मी जाऊन शेजारी बसले. पेंढा वाळत होता, त्याची कुसळं हवेतून येऊन तिच्या रुमालावर बसत होती.

ती म्हणाली, "ह्यो शेवटचा ना. ह्यो पन सुटला की त्याच्या हातचं आवळलेलं काय उरलं गो?"

तिला बोल्टाचं वेड लागलेलं नव्हतं, ती शहाणी बाई होती. पण घरातलं त्याचं सगळं हळूहळू वाटून झालं होतं. कपडे दिले, चष्मा दिला, खुर्ची नव्या माणसांना नको होती म्हणून कुणीतरी घेऊन गेलं. हा एक लोखंडाचा तुकडा तेवढा अजून त्यानं जसा ठेवला तसा होता. त्याच्या पायाचा जोर त्यात तसाच अडकून होता. आणि इतके दिवस ऊन आहे, फोन आहे, उद्या बघू, हे सगळं ती का म्हणत होती ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघीही एकाच गोष्टीला धरून बसलो होतो, आपापल्या बाजूनं.

"मी काढू?" मी विचारलं.

तिनं त्या बोल्टवरून एकदा बोट फिरवलं. मग तिनं पाना माझ्याकडे सरकवला आणि तोंड दुसरीकडे केलं.

मी पाना बसवला, पाइप चढवला. एकटीला जमेल असं वाटलं नव्हतं. पण तेल इतके दिवस आत जात होतं. मी फक्त वजन टाकलं, हळूहळू, वडील टाकायचे तसं. तो करकरलाही नाही. अगदी सहज, पिकलेल्या फळाचा देठ सुटावा तसा सुटला. तो काढून मी तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पदरानं पुसला आणि म्हणाली की पुन्हा लावायला लागेल, हरवू नको. तेवढंच.

जॅक लावला, चाक निघालं, पण आतला ड्रम, म्हणजे चाकामागचं लोखंडी भांडं, ब्रेकला चिकटून बसला होता. त्याला दोन बारीक भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट पिळत गेलं की ते आतून रेटा देतात आणि ड्रम बाहेर येतो. दोन्हीकडून सारखं पिळायचं, नाहीतर तिरका होऊन अडकतो. आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो. ती थोडं पिळायची, मग मी थोडं. पुन्हा ती, पुन्हा मी. नारळ फुटावा तसा आवाज झाला आणि ड्रम मांडीवर आला. आत नुसती तांबडी भुकटी, आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या चुऱ्यासारखी.

दादा आला तो काठी टेकत. त्यानं तुटका बोल्ट काढून नवा बसवला, ब्रेक घासून साफ केले, जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवी बॅटरी लावली. आम्हाला तो काही म्हणाला नाही. फक्त एकदा माझ्या काळ्या नखाकडे पाहून म्हणाला, "बाबांना दाखवायला पायजे होतं." आमच्या घरात यापेक्षा जास्त कौतुक कुणी कुणाचं केलेलं मला ठाऊक नाही.

गाडी चालू झाली तेव्हा धुरानं सगळी आळी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेबेका स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी, आणि मागून दादा रिक्षानं, न जाणो काही झालं तर. पुलावर चढताना तिनं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी झाली. मधोमध आल्यावर समोरून एसटी आली. मला वाटलं ती घाबरून थांबेल. ती थांबली नाही. एसटी गेली, खाली कुंडलिका गेली, आणि पलीकडे उतरल्यावर तिनं एकदाच लांब श्वास सोडला.

दफनभूमीत गवत कमरेएवढं होतं. कबरींच्या दगडांवर त्यांची हिब्रू अक्षरं आणि खाली आपली मराठी. तिनं मला फाटकापाशी थांबायला सांगितलं. मी थांबले. आतून तिचा आवाज येत होता, प्रार्थनेचा, आणि मग साध्या बोलण्याचा. काय बोलली ते मी ऐकलं नाही. बाहेर आली तेव्हा तिनं हात पुढे केले आणि मी बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. त्यांच्यात तिथून निघताना हात धुतात. पाणी काळसर झालं. नखांतलं ग्रीस अजून गेलं नव्हतं. विमानातली माणसं काय म्हणतील, ती म्हणाली.

आठवड्याच्या आत ती गेली. टॅक्सी आळीच्या तोंडाशी उभी होती. रडण्याबिडण्याचं आम्ही आधीच उरकून घेतलं होतं, म्हणून निघताना तिनं फक्त दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलंय का विचारलं, सवयीनं. मी हो म्हणाले. तिच्या घरात तेव्हा दूधही नव्हतं आणि पातेलंही नव्हतं.

गाडी दादानं पेणला नेली, आपल्या चाकांवर. तिथे एका मूर्तिकारानं ती घेतली. मागे एकदा श्रावणात मी रामवाडीला उतरले तर ती समोरून येताना दिसली. मागच्या सीटवर रंग न दिलेले छोटे गणपती कागदात गुंडाळून बसवलेले, काचेवर शाडूची धूळ. चालवणारा तरुण होता, त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मागचं डावं चाक दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिले. मग भाजी घेतली आणि दादाच्या घरी गेले. तिथेही काही सांगितलं नाही. काय सांगायचं? गाडी चालतेय, एवढंच ना.

रेबेकाचा फोन येतो. ती समुद्राकाठच्या एका उंच इमारतीत राहते. नातवंडं तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलतात, ती त्यांच्याशी मराठीत, आणि मुलगी मधे उभी राहून दोघांचं सांगते. दुपारी सगळे कामाला गेले की ती गॅलरीत बसते. तिथेही खारा वारा आहे, गॅलरीचे गज गंजतात, असं तिनं एकदा सांगितलं. आम्ही फार काही बोलत नाही. मी इकडे काय शिजवलं ते सांगते, ती तिकडे काय मिळत नाही ते सांगते. कधीकधी दोघीही गप्प असतो, पण फोन चालू असतो. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसल्यासारखं वाटतं. मग फोन ठेवला की भिंतीपलीकडे कुणी नाही हे जास्तच कळतं.

यंदा भातं कापून झाली आणि मला त्या टेकडीखालच्या गवताची आठवण झाली. तिथलं गवत कोण कापणार? दारामागचा विळा घेतला आणि रिक्षा केली. आरोनची कबर शोधावी लागली, इतकं माजलं होतं. प्रार्थना मला येत नाही, म्हणून मी आपलं आळीत काय काय झालं ते त्याला सांगितलं. कुणाचं लग्न झालं, कुणाकडे नळ आला, बदामाला यंदा किती बदाम लागले. मग गवत कापलं, दगड पुसला, एक गोटा उचलून वर ठेवला, तिनं त्यांच्या रीतीनं ठेवलेला मी फाटकातून पाहिला होता तसा. आणि तिला फोन लावला, चेहरा दिसतो तसला.

मी फोन फिरवून तिला कबर दाखवली. ती पाहत राहिली. मग म्हणाली, "जरा उजवीकडं फिरव."

उजवीकडे काही नव्हतं. दोन कबरींच्या मधली रिकामी जागा, माणूसभर लांब, गवतानं भरलेली.

"इथं?" मी विचारलं. "इथं तर कुणी नाय."

"व्हय," ती म्हणाली. "ती माझी ठेवलेली. आता काय मी तिथवर येत नाय. तरी तिथलं पन काप गो."

मी फोन आरोनच्या दगडाला टेकवून उभा केला आणि विळा घेऊन त्या जागेपाशी खाली बसले. गवत वाळत आलं होतं, मुळाशी मात्र अजून ओलं होतं. सगळं कापून होईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.